पोलीस, परदेशी आणि बंब : ब्रिटिश गृहमंत्र्यांना जाब कोण विचारतं?

लेस्टरकर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की ब्रिटिश संसदेत नुसता आरडाओरडा असतो, बुधवारी दुपारी बाराला जमतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि घरी जातात. तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं, म्हणून वेगळा धागा.

बुधवारचा तमाशा टीव्हीवर दिसतो हे खरं. पण मंत्र्याला घाम फुटतो तो तिथे नाही, तर रस्त्यापलीकडच्या पोर्टक्युलिस हाऊसमध्ये, समित्यांच्या खोल्यांत. मी तिथे पहिल्यांदा गेलो ते लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे. पाऊस होता, लंडनमधलं काम लवकर आटपलं होतं, परतीच्या गाडीला तीन तास होते, आणि आत प्रवेश फुकट. बॅग मशीनमधून, कमरेचा पट्टा काढा, गळ्यात पास. काचेच्या छताखाली उंच उंच झाडं (ती भाड्याने आणलेली होती आणि त्या भाड्यावरून पेपरांत बोंबही झाली होती). खोलीत घोड्याच्या नालेसारखं टेबल, नालेच्या उघड्या तोंडाशी साक्षीदारांचं टेबल, पाण्याचा जग. मंत्रिमहोदयांच्या मागे चार-पाच अधिकारी, मांडीवर फायली. प्रश्न आडवा आला की मागून चिठ्ठी पुढे सरकायची. मी विषय बाजूला ठेवून चिठ्ठ्याच मोजत बसलो. सात झाल्या.

तर ही होम अफेअर्स सिलेक्ट कमिटी, होम ऑफिसवर म्हणजे गृहखात्यावर लक्ष ठेवणारी संसदेची समिती. पुढे नुसतं 'समिती' म्हणतो. खात्यावार समित्यांची ही पद्धत १९७९ची. ११ खासदार, पक्षांच्या संख्याबळानुसार, म्हणजे बहुमत बहुधा सरकार पक्षाचंच. पण २०१०पासून अध्यक्ष पक्षाचे व्हिप ठरवत नाहीत, सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं. कोणतं अध्यक्षपद कोणत्या पक्षाकडे हे आधी संख्याबळानुसार वाटून ठरतं, त्यामुळे या समितीची खुर्ची विरोधी पक्षाकडे असू शकते आणि बरीच वर्षं ती होती. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं एवढीच अपेक्षा. हातात काठी नाही, नुसता कंदील.

पण कंदील कधी कधी पुरतो. २५ एप्रिल २०१८, विंडरश प्रकरण पेटलेलं. १९४८पासून, 'विंडरश' नावाच्या बोटीपासून सुरुवात होऊन, कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं. कायद्याने इथेच राहायचा हक्क, पण जवळ कागद नाही. थेरेसा मे गृहमंत्री असताना आलेल्या २०१४ आणि २०१६च्या कायद्यांनंतर घरमालक, बँक, नोकरी देणारा, सगळेच कागद मागायला लागले. पन्नास वर्षं इथे राहिलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं गेलं, सिद्ध करा. आणि त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं होम ऑफिसने २०१०मध्येच नष्ट केलेली! किमान ८३ जणांना देशाबाहेर काढल्याचं नंतर खात्यानेच मान्य केलं.

त्या दिवशी आधी कर्मचारी संघटनेच्या प्रतिनिधीने समितीला सांगितलं की माणसं परत पाठवायची उद्दिष्टं ठरलेली असतात. मग गृहमंत्री अंबर रड आल्या. अध्यक्ष इव्हेट कूपर यांनी शांतपणे विचारलं, ही उद्दिष्टं कधी ठरली? रड म्हणाल्या, आमच्याकडे अशी उद्दिष्टं नाहीत, आम्ही तसं काम करत नाही. शेजारचा अधिकारीही गोंधळलेला. दुसऱ्या दिवशी सभागृहात खुलासा, त्यानंतर एक अंतर्गत टिपण फुटलं, त्यात १२,८०० जणांना सक्तीने परत पाठवायचं उद्दिष्ट छापलेलं. मग या उद्दिष्टांबद्दल रड यांनीच पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. २९ तारखेला राजीनामा. साक्षीपासून मोजून चार दिवस.

हे ब्रिटनमधले सगळेच जाणतात. मला खरं लिहायचंय ते वेगळं. होम ऑफिसकडे २०१६ ते २०२५ या काळात तीन मोठी कामं होती: पोलीस, परदेशी माणसं आणि अग्निशमन. समितीच्या गाजलेल्या साक्षी आठवा. सगळ्या पहिल्या दोनवरच्या. तिसरं लेकरू कायम सावत्र. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचं.

जानेवारी २०१६पर्यंत इंग्लंडचं अग्निशमन स्थानिक स्वराज्य बघणाऱ्या खात्याकडे होतं. तिथून उचलून होम ऑफिसमध्ये टाकलं. दीड वर्षात, १४ जून २०१७ला, लंडनमधला ग्रेनफेल टॉवर हा राहत्या घरांचा मनोरा जळला. ७२ माणसं. बंब होम ऑफिसचा, इमारतीचे नियम दुसऱ्या खात्याचे. म्हणजे विचारणाऱ्या समित्याही दोन. जाब मागायचा तरी कोणाकडे?

खवट चिवडा

पॉपकॉर्न घेऊन पहिली रांग पकडली आहे. एकच शंका. रडबाई गेल्या, पुढे? त्याच बाई सहा-सात महिन्यांत दुसऱ्या खात्याच्या मंत्री म्हणून परत आल्या होत्या ना?

लेस्टरकर

हो, नोव्हेंबर २०१८मध्ये, कामगार आणि निवृत्तिवेतन खात्यात. तुम्ही नेमकं तेच शोधून काढणार याची खात्री होती.

सातारी मिरची

लेख आवडला, पण कौतुक जरा जास्त झालंय. या समित्या पुष्कळदा नाटकच करतात. ३ डिसेंबर २०१३ला एका दैनिकाच्या संपादकाला बोलावलं. अमेरिकी आणि ब्रिटिश हेरगिरीची कागदपत्रं छापली म्हणून. अध्यक्ष कीथ वाझ यांनी काय विचारावं? 'तुमचं या देशावर प्रेम आहे का?' हा जाब म्हणायचा? आमच्याकडे चॅनेलवर रात्री नऊला हेच विचारतात.

दुसरं, प्रश्न विचारून खातं सुधारत असतं तर २००६मध्येच सुधारलं असतं. त्या वर्षी परदेशी कैद्यांचं प्रकरण झालं. १,०२३ जण शिक्षा संपल्यावर सुटले, त्यांना देशाबाहेर पाठवायचं का हे कोणी तपासलंच नाही. चार्ल्स क्लार्क गेले. नवे गृहमंत्री जॉन रीड याच समितीपुढे येऊन म्हणाले की आमची इमिग्रेशन यंत्रणा कामाच्या लायकीची नाही. मंत्रीच हे म्हणाला! मग इमिग्रेशनचं काम बघायला वेगळी बॉर्डर एजन्सी काढली. मार्च २०१३मध्ये समितीने सांगितलं की साठलेली प्रकरणं याच वेगाने उपसायला २४ वर्षं लागतील. दुसऱ्या दिवशी मेबाईंनी एजन्सीच बरखास्त करून काम पुन्हा होम ऑफिसात घेतलं. पाटी बदलली, फायली त्याच. सरकारी कचेरीत टेबलं हलवतात ना, तसं.

गोंयकार बाब

ताईंनी वाझचं नाव काढलंच आहे तर आमचं गोव्याचं थोडं ऐका. कीथ वाझ मूळ गोंयकार घरातले, जन्म एडनचा. २००७ ते २०१६ समितीची खुर्ची त्यांच्याकडे. पुढे गृहमंत्री झालेल्या सुएला ब्रेव्हरमन याही अर्ध्या आमच्याच. वडील फर्नांडिस, केनियातून गेलेले गोंयकार. म्हणजे गृहमंत्र्याला जाब विचारणारा गोंयकार आणि जाब देणारी गोंयकार घरचीच. फक्त दोघांची गाठ त्या खोलीत पडली नाही. वाझ २०१६ला पायउतार झाले, स्वतःच्याच भानगडीमुळे. ब्रेव्हरमन २०२२ला आल्या.

अर्ध्या घरांत पोर्तुगीज पासपोर्ट, पोरं इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामात पाळ्या करतात. तिथल्या गृहमंत्र्याच्या जागी फर्नांडिसाची मुलगी बसली तेव्हा आमच्या काकाने नारळ फोडला होता. आणि पुढल्याच महिन्यात बाई म्हणाल्या, व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत सगळ्यांत जास्त भारतीय. काकाने नारळाचं नाव परत काढलं नाही.

हाउन्स्लोची मावशी

मेबाईंचा विषय निघाला आहे तर २०१३च्या उन्हाळ्यातल्या त्या गाड्या आठवतात का? लंडनच्या सहा भागांत फिरवल्या, त्यात आमचा हाउन्स्लो. बेकायदा राहताय? घरी जा, नाहीतर अटक होईल. वर मागच्या आठवड्यात तुमच्या भागात १०६ जणांना अटक, असा आकडा. मी कोथिंबीर, कढीपत्ता घेऊन दुकानातून बाहेर पडत होते. माझा सगळा कागद नीट, लाल पासपोर्ट हातात येऊनही बरीच वर्षं झालेली. तरी ती गाडी पुढून गेली तेव्हा मी पिशवी उगाच छातीशी धरली. का धरली हे आजही सांगता येणार नाही. पुढे जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने अटकेचा तो आकडा दिशाभूल करणारा ठरवला.

लेस्टरकर

मावशी, हे लिहिलंत ते बरं केलंत.

मिरचीताई, नाटक असतं, मान्य. पण साधा प्रश्न किती खोल जातो याचं माझं आवडतं उदाहरण देतो. २३ नोव्हेंबर २०२२. समोर ब्रेव्हरमन. विचारणारे टिम लॉटन, त्यांच्याच पक्षाचे. ते म्हणाले, समजा मी सोळा वर्षांचा अनाथ पोरगा आहे, आफ्रिकेतल्या एका देशातून, युद्ध आणि धर्मछळ यांपासून पळतोय, भावंड ब्रिटनमध्ये कायदेशीर राहतंय. मी कायदेशीर मार्गाने कसा येऊ? बाई म्हणाल्या, इथे पोचलात की अर्ज करता येईल. लॉटन म्हणाले, पण मग मी बेकायदाच आलो ना? यानंतर जी शांतता पसरली ती व्हिडिओत ऐकण्यासारखी आहे. प्रश्न शेजारच्या सचिवांकडे ढकलला गेला. खाडी ओलांडून आश्रयाला येणाऱ्यांच्या 'छोट्या बोटी थांबवा' या घोषणेतलं भोक त्या दोन मिनिटांत जेवढं दिसलं तेवढं शंभर अग्रलेखांत दिसलं नव्हतं. आणि हे विचारलं स्वपक्षीयाने. व्हिपच्या ताब्यात नसण्याचा फायदा तो हा.

सातारी मिरची

भोक दिसलं, बुजलं का? त्यानंतरही आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना पुढे रेटलीच. नोव्हेंबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने बेकायदा ठरवली, तर कायदा करून रवांडा सुरक्षित देश आहे असं जाहीर केलं! उद्या ठराव करून मुंबईत थंडी पाडतील. सरकार बदलल्यावर कूपरबाईंनीच, तेव्हा गृहमंत्री म्हणून, सांगितलं की ७० कोटी पौंड गेले आणि स्वतःहून गेलेली माणसं चार.

आणि जे खरं बोलतात त्यांचं काय होतं तेही लिहा. सीमा आणि इमिग्रेशनचे स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील. ऑक्टोबर २०२२मध्ये त्यांनी समितीला सांगितलं की केंटमधल्या मॅन्स्टन केंद्रातली परिस्थिती बघून वाचाच बसली. १,६०० माणसांची जागा, महिनाअखेरीस चार हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली. समितीला धक्का, पेपरांत मथळे. फेब्रुवारी २०२४मध्ये नीलना काढलं. त्यांचे अडकवून ठेवलेले १३ अहवाल नंतर होम ऑफिसने एकाच दिवशी बाहेर टाकले, कोणी नीट वाचू नयेत म्हणूनच, असं माझं मत.

निवृत्त हवालदार

वाचतोय. माझी पोलिसांत ३४ वर्षं गेली, म्हणून विचारतो. या सगळ्यात पोलीस कुठे आहेत? नावात आहेत, धाग्यात नाहीत.

लेस्टरकर

काका, चूक माझी. थोडक्यात सांगतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलीस दलं. मार्च २०१०मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार अधिकारी. मग काटकसर आली, केंद्राकडून मिळणारा पैसा चार वर्षांत २० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. २०१७-१८पर्यंत आकडा १ लाख २२ हजारांवर. २०१५मध्ये पोलीस फेडरेशनच्या अधिवेशनात गृहमंत्री मेबाई त्यांना तोंडावर म्हणाल्या की सारखं 'लांडगा आला रे आला' ओरडणं बंद करा. ऑक्टोबर २०१८मध्ये समितीने लिहिलं की गल्लीबोळांतलं पोलिसिंग २०१०पासून किमान पाचव्या हिश्श्याने आटलंय. पुढल्या वर्षी बोरिस जॉन्सननी २० हजार नवे भरायची घोषणा केली. म्हणजे जेवढे काढले साधारण तेवढेच. मार्च २०२३पर्यंत भरले, पण वीस वर्षांचा अनुभव घेऊन गेलेला माणूस भरतीच्या जाहिरातीने परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणखी एक गंमत. पोलिसांवर लोकांचा अंकुश हवा म्हणून निवडून दिलेले पोलीस कमिशनर आणले (आपल्यासारखे वर्दीतले नव्हेत, राजकीय). पहिली निवडणूक नोव्हेंबर २०१२, मतदान जेमतेम १५ टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टमध्ये एका केंद्रावर दिवसभरात एकही मतदार आला नाही. शून्य.

निवृत्त हवालदार

शून्य! आमच्या बंदोबस्ताच्या आयुष्यात असं केंद्र एकदा तरी मिळायला हवं होतं.

आकडे बघून वाईट वाटलं. बीटवरचा माणूस गेला की पहिलं काय जातं सांगू? चहावाला बोलायचा बंद होतो. गुन्हा घडायच्या आधीची खबर चहाच्या टपरीवर मिळते, ती कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

आपल्याकडे १९९३पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत, गृह खात्याचीही आहे. पण बैठक बंद दाराआड. मंत्र्यांऐवजी सचिव येतात, कॅमेरा नाही. अहवाल पटलावर आला की कळतं. तो वाचणारे किती, हा प्रश्न वेगळा.

नवशिका

जरा अवांतर. माझा भाचा सप्टेंबरमध्ये मास्टर्सला जातोय. त्याला आरोग्याचा सरचार्ज वेगळा भरावा लागेल का? आणि कायम राहायची परवानगी मिळायची अट आता दहा वर्षं करणार आहेत हे खरं का?

हाउन्स्लोची मावशी

भरावा लागेल. फेब्रुवारी २०२४पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, नोकरीवाल्यांना १,०३५. व्हिसाच्या फीच्या वर. दहा वर्षांचा प्रस्ताव मे २०२५च्या श्वेतपत्रिकेतला. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारा, नाहीतर लेस्टरकर चिडतील.

बंबवाला

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त. शेवटची काही वर्षं कंट्रोल रूमला होतो. लेखातला सावत्र लेकराचा मुद्दा माझ्या जिव्हारी लागला. आमच्याकडे बंब महापालिकेचा, वरती नगरविकास. तुमच्याकडे कधी गृह, कधी नगर. बाळंतीण एक, सुईणी छप्पन्न.

इंग्लंडची एक योजना मी मुद्दाम वाचली होती. फायरकंट्रोल. २००४ला सुरू केली. ४६ स्थानिक कंट्रोल रूम बंद करून नऊ मोठी प्रादेशिक केंद्रं करायची. इमारती आधी उभ्या राहिल्या, लांब मुदतीच्या भाडेकरारावर. त्यांत चालायची संगणक प्रणाली आलीच नाही. डिसेंबर २०१०मध्ये गुंडाळली. किमान ४६ कोटी ९० लाख पौंड पाण्यात, असा तिथल्या महालेखापरीक्षकांचा हिशेब. मग लोकलेखा समितीने कान उपटले. पैसे बुडाल्यावर.

आता माझं ऐका. रात्री अडीचला फोन येतो. बाई रडतेय. पत्ता? 'त्या पिंपळासमोर, पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे.' गिरणी बंद होऊन पंधरा वर्षं झालेली. नकाशात नाही. पण माझ्या शेजारी बसलेला ऑपरेटर त्याच वॉर्डात वाढलेला, त्याने पत्ता पुरा व्हायच्या आत बेल मारली. हाच ऑपरेटर दोनशे किलोमीटरवरच्या चकाचक केंद्रात बसवला असता तर? नऊ केंद्रांची योजना आखणाऱ्यांपैकी कोणी एक रात्र फोनवर बसलं होतं का, हे कुठल्या समितीने विचारलं असतं तर मी तिला दंडवत घातला असता.

खवट चिवडा

बंबवाले, तुम्ही वेगळा धागा काढा. खवटपणा बाजूला ठेवून सांगतोय.

सातारी मिरची

बंबवाले, +१. आता मी लेस्टरकरांच्या बाजूने थोडी सरकते.

ग्रेनफेलच्या आठ वर्षं आधी, ३ जुलै २००९ला, दक्षिण लंडनमधल्या लॅकनल हाऊसला आग लागली होती. सहा मृत्यू, त्यांत तीन मुलं. मार्च २०१३मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने स्थानिक स्वराज्य खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांना, एरिक पिकल्सना, लिहिलं की आगीच्या सुरक्षेचे इमारत-नियम तपासा, भाषा सोपी करा, घरातच थांबा या सूचनेबद्दल स्पष्टता आणा. नियमांचं ते काम ग्रेनफेल जळेपर्यंत रखडलेलंच होतं. आणि ग्रेनफेलमध्ये लोकांना काय सांगितलं जात होतं? घरातच थांबा. जवळजवळ दोन तास.

चार वर्षं एक पत्र पडून होतं. अंबर रडना चार दिवसांत घरी पाठवणारी व्यवस्था तीच. फरक एवढाच की माणसं हाकलण्याच्या आकड्याला मथळा मिळतो आणि नियमपुस्तकातल्या परिशिष्टाला मिळत नाही.

लेस्टरकर

ताई, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट म्हणालात.

पुढचं सांगतो. सप्टेंबर २०२४मध्ये ग्रेनफेल चौकशीचा अंतिम अहवाल आला. त्यात हेच की जबाबदारी वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे, ती एका मंत्र्याखाली आणा. १ एप्रिल २०२५ला अग्निशमन होम ऑफिसमधून निघून परत गृहनिर्माण आणि स्थानिक स्वराज्याच्या खात्यात गेलं. नऊ वर्षांनी पोर माहेरी. त्याबरोबर विचारणारी समितीही बदलली.

होम अफेअर्सवाले अजून आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांच्या प्रश्नातच अडकलेत. ऑक्टोबर २०२५च्या अहवालात म्हणाले की आश्रय मागणाऱ्यांच्या निवासाची कंत्राटं २०१९ ते २०२९साठी साडेचार अब्ज पौंडांची धरली होती, आता अंदाज १५.३ अब्जांवर गेलाय. अध्यक्ष कॅरन ब्रॅडली, ज्या पूर्वी स्वतःच होम ऑफिसमध्ये राज्यमंत्री होत्या. कूपर आधी विचारणाऱ्या, मग उत्तर देणाऱ्या. ब्रॅडलींचं नेमकं उलटं. तिथल्या खुर्च्यांना चाकं आहेत.

बंबवाले, तुमच्यासाठी एक. पहिल्या भेटीनंतर काही वर्षांनी मी पुन्हा गेलो होतो, या वेळी इमारतींच्या आगीवरच्या एका बैठकीला. प्रेक्षकांत आम्ही सहा जण. एक शाळकरी मुलगी वहीत काहीतरी उतरवत होती, एक गृहस्थ घोरत होते. साक्षीला एक निवृत्त अग्निशमन अधिकारी. एकही चिठ्ठी मागून आली नाही. त्यांच्या मागे कोणी बसलंच नव्हतं.

बंबवाला

त्यांना काय विचारलं?

लेस्टरकर

जिन्याची रुंदी. वर चढणारे जवान आणि उतरणारे रहिवासी एकाच वेळी मावतात का. त्यांनी उठून दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी, आणि पाठीवर सिलेंडर. अध्यक्षांनी विनंती केली की कृपया तोंडाने सांगा, हातवारे नोंदीत येत नाहीत.

बंबवाला

अकरा किलोच्या आसपास असतो तो, सगळा सेट धरून. चढताना भिंतीला घासतो. हे तरी आलं का नोंदीत?